वैनीची पोर

दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी केतकीला उचलायची आणि मागच्या दारानं बाहेर पडायची. दाराची कडी आधीच काढून ठेवलेली असे. चपला हातात घ्यायच्या, गोठा ओलांडेपर्यंत अनवाणी चालायचं आणि मग कडब्याच्या गंजीआड बसून त्या पायात घालायच्या. आपल्याच पोटची पोर घेऊन आपल्याच घरातून मी रोज चोरासारखी निघत होते.

"वैनी, कुटं?" केतकी माझ्या कानात विचारायची. इथं हळू बोलायचं असतं एवढं तिला कळत होतं.

"गंमत बघायला."

"आई?"

"आई झोपल्यात."

आमच्या घरात आई म्हणजे सासूबाई. नवरा, दोन दीर, नणंद सगळे त्यांना आई म्हणत, मीही म्हणे. आणि मी सगळ्यांची वैनी. केतकीनं जे ऐकलं ते उचललं. कितीतरी घरांत पोरं आईला वैनी नाहीतर ताई म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. मला वाटायचं, कारण आमच्याकडे ती नुसती हाक नव्हती. केतकी झाली आणि बारसं व्हायच्या आत मला कावीळ झाली. डॉक्टरांनी अंगावरचं दूध बंद केलं, मला साताऱ्याला माहेरी पाठवलं आणि पोर सासूबाईंच्या पदरात पडली. त्यांनी ती शेळीच्या दुधावर वाढवली. मी बरी होऊन परत आले तेव्हा केतकी बसायला लागली होती. मी हात पुढे केले तर तिनं मला नीट पाहून घेतलं, मान फिरवली आणि सासूबाईंच्या गळ्यात तोंड खुपसलं.

"वळख न्हाई अजून तिला," सासूबाई म्हणाल्या. त्या हसल्या असं मला वाटलं. ते हसू कसलं होतं यावर मी पुढची दीड वर्षं विचार करत होते.

केतकी झोपायची त्यांच्या कुशीत, न्हायची त्यांच्या हातून. मी भरवायला बसले की सासूबाई लांबून म्हणायच्या, "घास मोठा हुतोय." मी टोपडं बांधलं की त्या सोडून पुन्हा बांधायच्या. बाहेरून आलो की तिच्या मुठी उघडून बघायच्या, तोंडाचा वास घ्यायच्या. संध्याकाळी मीठ-मोहऱ्या हातात घेऊन दृष्ट काढायच्या, "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची..." यातल्या 'घरच्या' शब्दावर त्यांचा आवाज जरा चढतो अशी माझी खात्री होती. घरची म्हणजे आणखी कोण? माझ्या मनात संशयानं घर केलं होतं. त्या पोरीला माझ्यापासून तोडतायत, रोज थोडं थोडं, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही असं.

म्हणून या दुपारी. नवरा कारखान्यावर, दीर रानात, नणंद शिवणाच्या क्लासला. पाऊस सरला होता, ऑक्टोबरचं ऊन चटचटत होतं आणि बांधावर कुरडू फुलला होता. मी केतकीला एक दिवस लाजाळू दाखवली. तिनं बोट लावलं, पानं मिटली, आणि ती घाबरून म्हणाली, "झोपली!" मग तिनं सगळा पट्टा एकेक करून झोपवला. एक दिवस विहिरीवर सुगरणीचे खोपे लोंबत होते, खाली पडलेला एक तिनं डोक्यावर घातला आणि टोपी म्हणून मिरवला. एक दिवस आम्ही बुजगावण्याला राम राम घातला. त्यानं परत घातला नाही म्हणून ती त्याच्यावर रुसली. चतुराच्या मागं पळताना चिखलात बसली, आणि मी ओढ्यावर फ्रॉक धुऊन, निंबोणीवर वाळवून, जसाच्या तसा अंगात घालून तिला घरी आणली. सासूबाईंनी फ्रॉकचा काठ चिमटीत धरून पाहिला.

"वला कसा?"

"घाम आला असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणंच मला जास्त जाचायचं.

ही सगळी लाच होती. लाजाळू, खोपा, चतुर सगळी लाचच. मला तिच्याकडून एकच शब्द हवा होता, आणि तो मागून मिळणारा नव्हता. एकदा मी मागून पाहिला होता. "मी कोण तुझी?" "वैनी." "आणि आई?" तिनं घराकडे बोट दाखवलं.

माझं म्हणावं असं तिच्या अंगावर एकच होतं. माहेराहून येताना मी काळा करदोडा आणला होता, त्यात दोन चांदीची घुंगरं. तो मी माझ्या हातानं तिच्या कमरेला बांधला होता. फ्रॉकखालून तो बारीक वाजायचा आणि मला बरं वाटायचं.

नवरात्र आलं, घट बसले. घट बसले की नऊ दिवस सासूबाई पायात वहाण घालत नसत, वेस ओलांडत नसत आणि देव्हाऱ्यापुढचा दिवा विझू नये म्हणून घोंगडं टाकून तिथंच पडत. कुणी मेलं तरी त्या वेशीबाहेर जाणार नाहीत असं घरात म्हणत. उपासानं त्यांची दुपारची झोप गाढ झाली होती. माझं चांगलंच फावलं.

पाचव्या माळेच्या दुपारी मी ओढा ओलांडला. याआधी आम्ही कधी पलीकडे गेलो नव्हतो. पलीकडच्या वाडीच्या रानात भुईमूग उपटला होता आणि बाभळीच्या सावलीत सात-आठ बायका शेंगा तोडत बसल्या होत्या. केतकी म्हणाली, "शेंगा." मी म्हटलं, चल.

"राम राम," मी म्हणाले. "पोरीला शेंगा बघायच्यात."

"ये की बाई, बस," एक म्हातारी म्हणाली. तिला बाकीच्या हौसाबाई म्हणत होत्या. तिनं केतकीपुढं ओल्या शेंगांची मूठ टाकली. केतकी मांडी घालून बसली आणि त्या बायकांसारखीच डहाळ्याला झोंबू लागली. एक शेंग तुटली की मला दाखवायची. मी खुश होते. या गमतीसमोर लाजाळूचीही काही किंमत नव्हती.

"कुठली म्हनायची तू?" दुसरीनं विचारलं. दात पुढं असलेली, हातानं चपळ.

"पलीकडची, आसरडीची. पिसाळांची सून."

"कंच्या पिसाळांची? चार घरं हायती त्यांची."

"ते कारखान्यात आहेत ते."

"कारखान्यात निम्मा तालुका हाय," ती म्हणाली. "नाव काय मालकाचं?"

नवऱ्याचं नाव पटकन तोंडात येईना. आमच्या वेळी यायचंच नाही. मी थोरल्या दिराचं नाव सांगावं की काय याचा विचार करत राहिले. तिनं शेजारणीकडे पाहिलं. मग तिनं माझ्या खांद्यावरची माहेरची चामड्याची पर्स पाहिली, माझ्या चपला पाहिल्या. "बोलनं आसरडीचं न्हाई तुजं," ती म्हणाली.

"माहेर साताऱ्याचं."

"आन एवढ्या उनात पोर घिऊन वडा वलांडून आलीस? ते बी घट बसल्यावर?"

मी काय सांगणार होते? सासूच्या डोळ्यावर झापड आल्यावर पळून आले म्हणून? मी म्हणाले, "सहज."

ते 'सहज' कुणालाच पटलं नाही. शेंगा तोडायचा आवाज चालू होता, पण बोलणं थांबलं होतं. उठावं असं मला वाटलं. मी केतकीचा हात धरला आणि नेमकी त्याच वेळी तिला मुंगी चावली, तांबडी, मांडीला. तिनं टाहो फोडला.

"आईकडं! मला आईकडं न्हे!"

"उगी, उगी. मी आहे ना."

"तू न्हाई! तू वैनी! वैनी नको, आई पायजे!"

शेंगा तोडायचा आवाज थांबला. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी घाबरले, आणि घाबरल्यावर माणूस करतं तसं नको ते केलं. पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला आणि एक बिस्किट तिच्या तोंडापुढं धरलं.

"आगं बया!" दात पुढं असलेली ओरडली. "बिस्किट! बाजारात काय सांगत व्हते? चांगल्या साडीतली बाई असती, बिस्किट दिती, आन पोर पळवती!"

त्या आठवड्यात ती आवई सगळ्या बाजारात होती. आमच्या घरीही आली होती. सासूबाईंनी ती ऐकून केतकीला अंगणातही जाऊ दिलं नव्हतं, आणि मी मनात म्हटलं होतं, बरं निमित्त सापडलं यांना.

"ही माझी मुलगी आहे," मी म्हणाले.

"तिला इचार की," हौसाबाई म्हणाली. ती गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली आणि केतकीपुढं बसली. "बाळा, ही कोन तुजी?"

"वैनी," केतकी हुंदके देत म्हणाली.

"आन आई कुटं हाय?"

"घली."

"आईला सांगून आनलं का तुला?"

केतकीनं नाही म्हणून मान हलवली. मग, शहाणीनं, तोंडावर बोट ठेवून दाखवलं. "हळू बोलायचं," ती म्हणाली. "आई झोपली."

यापुढं माझं कोण ऐकणार होतं? दोघींनी माझे दंड धरले, हौसाबाईनं केतकीला उचललं. मी ओरडले, "हात लावू नका तिला!" तसा रानाचा मालक, ज्याला सगळे बापू म्हणत होते, तो हातात काठी घेऊन बांधावरून धावत आला. मागं आणखी तीन-चार गडी. मी एकदमच सगळं सांगत होते. घरात दीर आहेत, सगळे वैनी म्हणतात म्हणून ती पण म्हणते, आई म्हणजे सासू. माझ्याच कानांना ते खोटं वाटत होतं.

"पोलिसात द्या तिला," कुणी म्हणालं.

"आदी हात मोडा, मग पोलिसात."

"थांबा रं," हौसाबाई म्हणाली. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "बाई, आई असशील तर पोरीच्या अंगावरची खूण सांग. फ्रॉक काडायच्या आदी सांग."

मला देव भेटल्यासारखं झालं. "कमरेला काळा करदोडा आहे," मी म्हणाले. "त्यात चांदीची दोन घुंगरं. मी बांधलाय, माझ्या हातानं."

हौसाबाईनं केतकीचा फ्रॉक वर केला.

कमरेला लाल-पिवळा नाडा होता. पूजेचा, कोरा. त्यात एक भोकाचा पैसा ओवलेला. काळा दोरा नव्हता, घुंगरं नव्हती.

हौसाबाईनं फ्रॉक खाली ओढला आणि म्हणाली, "अरारा." तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी जे थोडं काही होतं तेही गेलं. एक ढेकूळ येऊन माझ्या पाठीला लागलं. कुणी मारलं ते पाहिलंही नाही, कारण माझं डोकं त्या नाड्यातच अडकलं होतं. सासूनं कापला. माझा दोरा तिनं कापून टाकला आणि स्वतःचा बांधला. आणि मला, आईला, पत्ता नाही. का असेल? रोज न्हाऊ कोण घालतं? त्या बायका मला चोर समजत होत्या त्यापेक्षा हे जास्त लागलं, की माझ्या पोरीच्या अंगावर काय आहे ते मला खरंच माहीत नव्हतं.

बापू शहाणा माणूस होता एवढं म्हणायला हवं. तो म्हणाला, "मारू नगा. शिवा, सायकल घे. आसरडीत जा. पिसाळाच्या चारी घरांत इचार, कुनाची पोर हरवलीया का. तवर हिला हलू देऊ नगा."

मला जमिनीवर बसवलं. दात पुढं असलेली माझ्या पदरावर पाय ठेवून उभी राहिली, म्हणजे मला उठता येऊ नये. केतकी हौसाबाईच्या मांडीवर बसून शेंगा खात होती. तिचं रडणं थांबलं होतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

मी वाट बघत होते आणि मनात एकेक डाव मांडत होते. सासूबाई वेस ओलांडणार नाहीत. घटी बसल्यात, निरोप देतील, मी यायची न्हाई. किंवा नणंदेला पाठवतील, ती क्लासला, म्हणजे संध्याकाळ. किंवा येतील. येतील आणि पोर उचलतील. गावाला काय सांगायचं ते त्या सांगतील. दीड वर्ष जे रोज थोडं थोडं चाललं होतं ते एका दमात होईल. सून पोरीला चोरून नेत होती, साऱ्या वाडीनं धरली, असं एकदा तालुक्याच्या कानावर गेलं की त्या पोरीला परत माझ्या हाती कोण देणार होतं?

ओढ्याकडून हाका आल्या. शिवाची सायकल पलीकडच्या काठावरच राहिली होती आणि त्याच्या पुढं सासूबाई पाण्यातून येत होत्या. दरड चढताना त्या एकदा हातावर पडल्या, उठल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, डोक्यावरचा पदर गळालेला, पाय अनवाणी. भुईमुगाच्या उपटलेल्या रानात ढेकळं आणि काटे होते, त्या त्यावरून तशाच पळत येत होत्या. मी त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं.

"आई!" केतकी ओरडली.

"आई!" मीही ओरडले. दोघी एकदमच.

केतकी हौसाबाईच्या मांडीवरून उडी मारून धावली आणि सासूबाईंच्या कमरेला बिलगली. त्यांनी तिला उचललं. पोरीनं दोन्ही हात त्यांच्या गळ्यात घट्ट टाकले.

"झालं," दात पुढं असलेली म्हणाली. "घावली आई. आता ह्या बाईचं काय करायचं ते बगा."

"म्हातारे," बापूनं विचारलं, "पोर तुमची?"

सासूबाई धापा टाकत होत्या. केतकीच्या पाठीवर त्यांचा हात फिरत होता. त्यांनी बापूकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, मग पदरावर पाय ठेवलेल्या त्या बाईकडे, आणि मग माझ्याकडे. त्या बोलल्या नाहीत. धाप होती म्हणून असेल. मला ती धाप वाटली नाही. मला वाटलं, त्या विचार करतायत. आजही वाटतं.

"मी आजी," त्या म्हणाल्या. "आई ती."

"पोर तर तुमाला..."

"पोराला काय कळतंय? मी सांगतीया न्हवं? पाय काड आदी तिच्या पदरावरनं!" असा आवाज मी त्यांचा घरात कधी ऐकला नव्हता. त्या बाईनं पाय काढला. "कुमुद, ऊठ. हिकडं ये. घे तुजी पोर."

मी हात पुढे केले. केतकी सोडेना. सासूबाईंनी स्वतः आपल्या मानेवरची तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला माझ्या हातांत दिली. केतकीनं आकांत मांडला, पाय झाडले, माझ्या तोंडावर चापट मारली.

"पोर तर रडतंय हिच्याकडं," कुणीतरी मागून म्हणालं.

"रडू दे," सासूबाई म्हणाल्या. "आईच्या कडंवर पोर रडतंच."

हौसाबाई पुढे आली. तिनं त्यांचे पाय पाहिले, बोटांमधून रक्त येत होतं. "घट बसल्यात न्हवं तुमच्याकडं?" तिनं विचारलं.

"बसल्यात."

हौसाबाईनं केतकीच्या पुढ्यातल्या शेंगा उचलून माझ्या ओटीत घातल्या आणि म्हणाली, "राग धरू नगंस. तू माज्या जागी असतीस तर काय केलं असतंस?" तिच्या जागी मी रोजच बसत होते.

परत येताना सासूबाई पुढं चालल्या, आम्ही मागं. केतकी हाका मारत होती, "आई, घे! आई, घे ना!" त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. ओढ्यातही नाही, दरडीवरही नाही. मला वाटलं, रागावल्यात. वेशीपर्यंत पोर रडून रडून थकली आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. त्याआधी ती माझ्या खांद्यावर कधी झोपली नव्हती. तिची लाळ माझ्या मानेवर गळत होती आणि मी पाऊल हळू टाकत होते.

घरी देव्हाऱ्यापुढचा दिवा विझला होता. वात काळी पडली होती, तेल तसंच. सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या. मग पाय धुऊन आल्या, समईची वात पुढं सारली आणि पुन्हा काडी ओढली. हात जोडून बराच वेळ बसल्या. घरातले आल्यावर दिव्याविषयी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, मीही नाही.

घटाशेजारी, विड्याच्या पानावर, माझा काळा करदोडा होता.

"हा इथं कसा?" मी विचारलं. माझा आवाज बरा नव्हता.

"तुटला सकाळी," त्या म्हणाल्या. "म्हनून नाडा बांदला."

मी दोरा उचलून पाहिला. तुटलेला दोरा टोकाला पिंजारतो. याचं टोक सरळ होतं, विळीवर धरल्यासारखं. मी ते टोक त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते पाहिलं. माझा संशय खोटा नव्हता, एवढं त्या दिवशी मला कळलं, आणि कळून काही आनंद झाला नाही.

"दे," त्या म्हणाल्या. मी दिला. त्यांनी त्याला गाठ मारली, घुंगरं मध्यावर आणली, दोरा पुन्हा माझ्या हातात ठेवला. "तू बांद," त्या म्हणाल्या. "तिला न्हाऊ बी उद्यापासनं तूच घाल. पानी लई कडत घिऊ नगंस, डोळ्यांत गेलं की रडती."

मी झोपलेल्या केतकीच्या कमरेचा नाडा सोडला आणि तो बांधला. तेव्हा मला दिसलं, तिच्या डाव्या कुशीवर एक तीळ आहे.

संध्याकाळी केतकी उठली आणि सवयीनं त्यांच्याकडे गेली. "आई, भूक."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या निवडत राहिल्या.

"आई! भूक!"

खडा सापडला, तो त्यांनी बाजूला टाकला. केतकीनं पदर ओढला, सूप हलवलं. "आई चुलीम्होरं हाय," त्या सुपाकडं बघत म्हणाल्या. "मी आजी." केतकी हसली, तिला तो खेळ वाटला. मग रडली. मग तिनं दोन्ही मुठींनी त्यांना मारलं. त्या मार खात बसल्या. मी चुलीपुढून बघत होते आणि माझ्या डोक्यात आलं, हाही डाव असेल. दोन दिवस करतील, पोर आजारी पडेल, मग सगळे मलाच बोल लावतील.

दोन दिवस झाले, चार झाले. दसरा झाला, आपट्याची पानं वाटून झाली. 'आजी' म्हटलं की त्या लगेच वळायच्या, उचलायच्या, मुके घ्यायच्या. 'आई' म्हटलं की त्यांना ऐकू यायचं नाही. नवरा म्हणाला, "आई, का छळतीस पोरीला?" त्या म्हणाल्या, "तू तुजं बग." एकदा मी माजघरात गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, पदराचा बोळा तोंडात धरलेला, आणि बाहेर केतकी हाका मारत होती. मी आल्या पावली परत फिरले. वाईट वाटलं. आनंदही झाला, आणि खरं सांगायचं तर आनंदच जास्त झाला.

दुपारी आम्ही अजूनही बाहेर जात होतो, पण आता पुढच्या दारानं. "वड्याच्या अल्याड ऱ्हा," सासूबाई म्हणायच्या आणि पडवीत बसून रस्त्याकडे बघायच्या.

दिवाळी तोंडावर आली होती. मी अंगणात अनारशाचे तांदूळ वाळत घालत होते. सासूबाई आत छिन्नीनं जात्याला टाकी लावत बसल्या होत्या. केतकी परसात होती. एकाएकी ती गोठ्याच्या कडेनं धावत आली, हाताची ओंजळ मिटलेली, डोळे मोठे. फ्रॉकखाली घुंगरं वाजत होती. तिच्या ओंजळीत काहीतरी फडफडत होतं, चतुर असेल, ते तिला कुणाला तरी दाखवायचंच होतं. ती माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली, मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली,

"आई!"

मी बोलायच्या आत आतून उत्तर आलं.

"ओ!"

टाकीचा आवाज थांबला होता. मी तशीच, हातात ओले तांदूळ घेऊन उभी. मग आत सासूबाई खाकरल्या.

"अगं कुमुद," त्या म्हणाल्या, "ओ दे की. तुला हाक मारतीया ती."